वाचकांचे प्रश्न : मणक्यातले स्क्रू किती भार पेलतात?

मणक्याचं फ्रॅक्चर आणि त्यासाठी बसवलेले स्क्रू-रॉड या विषयावरच्या पत्रांतून सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. कण्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि इम्प्लांटच्या चाचण्या करणारे यांत्रिकी अभियंते यांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. पुढे ‘डी’ म्हणजे छातीचे १२ मणके आणि ‘एल’ म्हणजे कमरेचे ५. मोजणी वरून खाली.

प्रश्न : माझा भाऊ (वय ३८) आंबे काढताना कलमावरून पडला. एल-१ मणक्याचा चुरा झाला, पायांतली ताकद मात्र शाबूत आहे. एक डॉक्टर चार स्क्रू पुरेसे म्हणतात, दुसरे सहा, तिसरे आठ. जास्त स्क्रू म्हणजे जास्त मजबूत ना? मग चार का सुचवतात?
— एक वाचक, चिपळूण

चार म्हणजे काटकसर आणि आठ म्हणजे भक्कम, हे गणित आधी डोक्यातून काढून टाका. स्क्रूंची संख्या ठरते ती मोडलेल्या मणक्याच्या पुढच्या भागात किती जीव उरलाय यावर.

उभ्या माणसाच्या कण्यावरचा साधारण ८० टक्के भार पुढून उतरतो. मणक्यांचे गोल ठोकळे आणि त्यांच्यामधल्या गाद्या तो वाहतात. उरलेला भार मागच्या छोट्या सांध्यांतून जातो. स्क्रू आणि रॉड बसतात ते मात्र पाठीमागून. ठोकळा चेचला की पुढचा टेकू जातो आणि वरच्या शरीराचं वजन कण्याला पुढे वाकवू लागतं. फळीखालचा टेकू काढून ती नुसती भिंतीतल्या खिळ्यांवर ठेवावी, तशी रॉडची अवस्था होते. डी-११ ते एल-२ हा पट्टा सर्वांत जास्त मोडतो, त्याचं कारण त्याची जागा. वर बरगड्यांनी जखडलेला ताठ भाग, खाली लवचीक कंबर आणि मधल्या सांध्यावर सगळा झटका.

पुढचा टेकू किती उरलाय हे मोजायची एक सोपी पद्धत कण्याचे सर्जन मॅकॉर्मॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली. सीटी स्कॅनवर तीन गोष्टी बघायच्या : ठोकळ्याचा किती भाग चुरडलाय, तुकडे एकमेकांपासून किती पांगलेत, आणि आलेला बाक सरळ करायला किती अंश उचलावं लागणार. प्रत्येकाला १ ते ३ गुण. चुरा ३० टक्क्यांच्या आत असेल तर १, ६० टक्क्यांच्या वर गेला तर ३. बाक ३ अंशांपर्यंत सुधारायचा असेल तर १, १० अंश किंवा जास्त असेल तर ३. एकूण बेरीज ३ ते ९ येते. ती ७ किंवा त्याहून जास्त असेल, तर वर एक-खाली एक मणका पकडणारे नुसते चार स्क्रू वाकण्याचा किंवा तुटण्याचा धोका मोठा असतो. बाक पुष्कळ सुधारावा लागणं हे कसं वाईट, ते पुष्कळांना पटत नाही. मणका उचलून सरळ केला की एक्स-रे देखणा दिसतो, पण आतला चुरडलेला जाळीदार भाग उचलला जात नाही. तिथे पोकळी राहते. बाहेरून उंच, आतून रिकामा.

आता तुमच्या भावाचे तीन पर्याय. चार स्क्रू म्हणजे डी-१२ आणि एल-२ मध्ये प्रत्येकी दोन. सहा म्हणजे तेच चार आणि मोडलेल्या एल-१ मध्येच दोन आखूड स्क्रू, बरेचदा ३०-३५ मिलिमीटरचे. आठ म्हणजे डी-११, डी-१२, एल-२, एल-३. मधल्या दोन स्क्रूंचा फायदा असा की रॉडला मध्येच आधार मिळतो, दोन टोकांमधलं मोकळं अंतर निम्मं होतं आणि टोकांच्या स्क्रूंवरचा वाकवणारा जोर कमी होतो. तेही जास्तीचा एकही मणका न जखडता. अट एकच : एल-१ चं पेडिकल, म्हणजे ठोकळ्याला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा दांडा, निदान एका बाजूला तरी शाबूत हवं. आठ स्क्रूंनी ताठपणा नक्की वाढतो, पण त्यासाठी एल-२–एल-३ मधली हालचाल जाते. झाडावर चढणाऱ्या माणसाला ती हवी असते.

तेव्हा डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा. गुणांची बेरीज किती? मागचे अस्थिबंध, म्हणजे मणक्यांना मागून बांधून ठेवणारे दोर, एमआरआयवर तुटलेले दिसतात का? आणि एल-१ च्या पेडिकलची स्थिती काय? बेरीज ६ किंवा कमी आणि पेडिकल शाबूत असेल, तर आमचं मत सहा स्क्रूंच्या बाजूने. बेरीज ७ किंवा जास्त असेल तर एकतर लांब बांधणी, नाहीतर चुरडलेल्या ठोकळ्याच्या जागी पुढून धातूचा पिंजरा बसवून टेकू पुन्हा उभा करणं. मागचे दोर शाबूत असतील, बाक थोडा असेल आणि पायांत ताकद पूर्ण असेल, तर अशी बरीच फ्रॅक्चर्स ऑपरेशनविना, नुसत्या ब्रेसवर (धडाला बाहेरून बांधायच्या ताठ पट्ट्यावर) बरी होतात. हाही प्रश्न मोकळेपणाने विचारा. विचारलं म्हणून कुणी डॉक्टर रागावू नये.

प्रश्न : मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेडिकल स्क्रू नेमका कुठे तुटतो? आणि बाजारात येण्याआधी त्याची परीक्षा कशी घेतात?
— एक विद्यार्थिनी, सांगली

स्क्रू सहसा डोक्याखालच्या मानेशी किंवा पेडिकलमध्ये शिरल्याबरोबरच्या पहिल्या काही आट्यांपाशी तुटतो. कारण तुझ्या पुस्तकातलंच आहे. टोकाकडचा भाग हाडात रुतलेला आणि डोकं रॉडला घट्ट, म्हणजे एका बाजूने जखडलेली तुळई. वाकवणारा जोर रॉडपाशी जास्तीत जास्त, त्यात आट्यांच्या खाचा. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुनःपुन्हा मागेपुढे केली की तुटते. इथेही तेच होतं.

ढोबळ हिशेब करून बघ. ७० किलोच्या माणसाचं एल-१ च्या वरचं वजन अंदाजे ३५ किलो, म्हणजे सुमारे ३५० न्यूटन. पुढचा टेकू पूर्ण गेलाय आणि भाराची रेषा रॉडच्या ४० मिलिमीटर पुढून जाते असं धर. वाकवणारा आघूर्ण (जोर गुणिले अंतर) १४ न्यूटन-मीटर. डावा-उजवा असे दोन वाटे, प्रत्येकी ७. स्क्रूच्या गाभ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असेल तर ताण येतो सुमारे ७८० मेगापास्कल. गाभा ५.५ मिलिमीटरचा घेतला की तोच ताण ४३० च्या आसपास, कारण व्यासाचा घन भागाकारात आहे. गुळगुळीत पृष्ठभागाचं टायटॅनियम मिश्रधातू लाखो आवर्तनांत साधारण ५०० ते ६०० मेगापास्कल सोसतं. खाचा पडलेलं त्याहून बरंच कमी. म्हणजे बारीक गाभ्याचा स्क्रू इथे टिकत नाही, आणि स्नायूंचा जोर अजून मोजलेलाच नाही! आता पुढच्या हाडाने निम्मा भार उचलला असं समज. ७८० चे ३९० होतात. हाड जसजसं जुळत जातं तसतसा आकडा खाली येतो. सगळी शर्यत ही आहे : धातू थकण्याआधी हाड जुळलं पाहिजे.

स्क्रूवर ‘६.५’ लिहिलेलं असतं तो बाहेरचा, आट्यांच्या कडांपर्यंतचा व्यास. हाडातून उपटून निघण्याला विरोध या बाहेरच्या व्यासावर आणि आट्यांच्या खोलीवर ठरतो, तुटण्याला विरोध गाभ्यावर. खोल आटे ठेवले की पकड वाढते आणि गाभा बारीक होतो. डिझायनरची खरी ओढाताण इथे असते. रॉडच्या ताठपणाला व्यासाचा चौथा घात लागतो. ५.५ ऐवजी ६ मिलिमीटरचा रॉड घेतला की ताठपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, ६.३५ चा घेतला तर ७५ टक्क्यांहून जास्त. अर्ध्या मिलिमीटरची ही किंमत आहे.

परीक्षेसाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची एफ-१७१७ ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे दोन ठोकळे घेतात आणि मधला मणका पूर्ण नाहीसा आहे असं मानून मोकळी फट सोडतात. कमरेच्या इम्प्लांटसाठी वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधलं अंतर ७६ मिलिमीटर. पुढून आधार शून्य. प्लास्टिकचे ठोकळे अशासाठी की खऱ्या हाडाची घनता माणसागणिक बदलते आणि मग दोन इम्प्लांटची तुलनाच करता येत नाही. एकदा दाबून, ओढून, पिळून बघतात आणि मग चक्राकार भार देतात : ५० लाख आवर्तनं. रोज ७००० पावलं धरली तर हे दोन वर्षांचं चालणं झालं.

या चाचणीची मर्यादाही लिहून ठेव. पॉलिएथिलीनमध्ये स्क्रू ढिला होत नाही. म्हणून ती धातूची परीक्षा आहे, पकडीची नव्हे. पकडीसाठी पॉलियुरेथेनच्या फेसाचे ठरावीक घनतेचे ठोकळे वापरतात किंवा देहदानातून मिळालेले मणके. महाविद्यालयात यंत्र असेल तर दोन घनतांच्या फेसात एकच स्क्रू पिळून आणि उपटून बघ. प्रकल्पासाठी तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न : आईचं (वय ६८) डी-१२ च्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांत वरचे दोन स्क्रू ढिले झाले. डॉक्टर म्हणतात हाडं ठिसूळ आहेत. चूक कुणाची? आता काय करायचं?
— एक वाचक, सोलापूर

धातू तुटला नाही, हाडाने हात सोडला. ठिसूळ हाडात नेहमी हेच घडतं. पेडिकल स्क्रूच्या पकडीतला साधारण ६० टक्के वाटा पेडिकलचा असतो, बाकीचा ठोकळ्यातल्या जाळीदार हाडाचा. ऑस्टिओपोरोसिसमध्ये ती जाळी विरते आणि पेडिकलची कडही पातळ होते. स्क्रू सरळ उपटून येत नाही. प्रत्येक वाकण्याबरोबर तो केसभर वर-खाली डुलतो आणि भोक रुंदावत नेतो. भिंतीतली खुंटी रोज थोडीथोडी हलवली की चुना भुरभुरतो, तसंच. एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कड दिसते. ती एक मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा पुढच्या फोटोत वाढलेली असेल, तर स्क्रू ढिला समजतात. वरच्या टोकाचे स्क्रू आधी सैल होतात, कारण धडाचा पुढे झुकण्याचा जोर तिथेच येऊन थांबतो.

लगेच चूक शोधू नका, पण काही गोष्टी तपासून घ्या. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या चाचण्या करा. जंतुसंसर्गानेही स्क्रू ढिले होतात आणि तो कधी कधी तापाशिवाय, नुसत्या दुखण्यावर लपून राहतो. आईला फार मोठा मार लागला नव्हता, नुसतं घसरून किंवा बादली उचलताना मणका मोडला असेल, तर मुळात क्षयरोग किंवा मायलोमा (हाडं पोखरणारा रक्ताचा कर्करोग) नव्हता ना, याची खातरी झालेली हवी. आपल्याकडे पाठीचा क्षय अजून पुरेसा दिसतो. ऑपरेशनच्या वेळी हाडाचा तुकडा तपासणीला पाठवला असेल तर तो अहवाल मागून घ्या.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली आहे का? टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. आधीच काढलेल्या सीटीवरही अंदाज येतो. एल-१ च्या जाळीदार भागाची घनता ११० हाउन्सफील्डच्या (सीटीवर घनता मोजायच्या एककाच्या) खाली असेल तर हाड कमकुवत असण्याचा संशय घ्यावा. हा आकडा ऑपरेशनपूर्वी बघायला वेगळा खर्च येत नाही. तो बघितला जात नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

पुढचा मार्ग : बाक वाढत नसेल, पायांत मुंग्या-अशक्तपणा नसेल आणि दुखणं सोसवणारं असेल, तर ब्रेस, ड जीवनसत्त्व-कॅल्शियम, हाड बांधणारं औषध आणि दर चार-सहा आठवड्यांनी उभ्याने काढलेला एक्स-रे एवढ्यावर थांबता येतं. टेरिपॅराटाइड रोज २० मायक्रोग्रॅम पोटाच्या कातडीखाली देतात. कुणाला द्यावं आणि कुणाला नाही हे मात्र डॉक्टरच ठरवतील. बाक वाढत असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. तेव्हा वर-खाली आणखी एकेक मणका पकडतात, शक्य तिथे एक मिलिमीटर जाड आणि लांब स्क्रू टाकतात आणि स्क्रूभोवती हाडाचं सिमेंट भरतात. एका स्क्रूला दीड-दोन मिलिलिटर पुरतं. जास्त भरून पकड त्या प्रमाणात वाढत नाही, गळतीचा धोका मात्र वाढतो : मागे मज्जारज्जूकडे किंवा शिरेतून थेट फुप्फुसात. म्हणून सिमेंट पाण्यासारखं पातळ असताना भरायचं नसतं. टूथपेस्टइतकं घट्ट झालं की सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर नजर ठेवून हळूहळू. भोकं असलेल्या पोकळ स्क्रूतून भरलं असेल तर सिमेंट पूर्ण आळेपर्यंत रॉड ओढायचा नाही.

अशा हाडात अती ताठ रॉडचा मोह नको. कोबाल्ट-क्रोम टायटॅनियमच्या जवळजवळ दुप्पट ताठ असतं. रॉड वाकला नाही तर सगळा जोर स्क्रू आणि हाड यांच्या जोडावर येतो, आणि तोच तर आईच्या बाबतीत कच्चा आहे.

प्रश्न : मी ऑर्थोपेडिक्सचा निवासी डॉक्टर आहे. फ्रॅक्चरमध्ये मोनोअ‍ॅक्सियल स्क्रू वापरावा की पॉलिअ‍ॅक्सियल? आणि स्क्रू बसवताना पकड कमी होण्याच्या नेहमीच्या चुका कोणत्या?
— एक वाचक, अंबाजोगाई

डॉक्टर, बाक उचलायचा असेल तर डोकं न फिरणारा मोनोअ‍ॅक्सियल. पॉलिअ‍ॅक्सियल स्क्रूचं फिरतं डोकं रॉड बसवायला सोयीचं असतं, पण डोकं आणि दांडा यांचा गोळा-वाटीचा जोड हा त्याचा सर्वांत कमकुवत दुवा. ठरावीक आघूर्णापलीकडे तो घसरतो आणि टेबलावर मिळवलेले अंश हळूच परत जातात. फिल्मवर ना काही तुटलेलं दिसतं, ना ढिलं, आणि बाक मात्र वाढलेला. लांब बांधणीत, जिथे आठ डोकी एका रेषेत आणणं कठीण जातं, तिथे टोकाला पॉलिअ‍ॅक्सियल चालतो.

पकड जाते ती बहुधा स्क्रू आत जाण्याआधीच. कमरेत प्रवेशबिंदू आडव्या काट्याची मधली रेषा आणि वरच्या सांध्याची बाहेरची कड जिथे मिळते तिथे. ऑलने (टोच्याने) कवच फोडा, बोथट प्रोब (सळई) स्वतःच्या वाटेने जाऊ द्या, ठोकू नका. मऊ, करकरीत, सलग विरोध लागला पाहिजे. अचानक हात मोकळा झाला तर थांबा. मग गोल टोकाच्या फीलरने चार भिंती आणि तळ चाचपून बघा. पाचही ठिकाणी हाड लागलंच पाहिजे. वाट चुकून दुसऱ्यांदा बदललीत तर पेडिकल आतून पोखरलं जातं.

टॅप (हाडात आटे पाडणारं हत्यार) स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर बारीक. ६.५ च्या स्क्रूला ५.५ चा टॅप. ठिसूळ हाडात नुसतं तोंड टॅप करा किंवा करूच नका. स्क्रूचा व्यास पेडिकलच्या रुंदीच्या ८० टक्क्यांच्या आत, लांबी ठोकळ्याच्या खोलीच्या ८० टक्क्यांपर्यंत. डी-एल भागात पुढचं कवच भेदायचं नाही, समोर महाधमनी आहे. स्क्रू खोल बसला म्हणून अर्धा आटा उलटा फिरवून वर आणायची सवय असेल तर ती मोडा. निमुळत्या गाभ्याचा स्क्रू तेवढ्यानेही पकड सोडू शकतो. डोकं सांध्यावर घट्ट टेकेपर्यंतही बसवू नका. डोकं हाडावर तरफेसारखं टेकतं आणि शेवटच्या फेरीत आतले आटे उपटतं. आत तिरके घेतलेले दोन स्क्रू एकमेकांना त्रिकोणात अडकवतात, त्यात क्रॉस-लिंक (दोन्ही रॉडना जोडणारी आडवी पट्टी) घातली की पिळाला विरोध वाढतो. पुढे वाकण्याला तिचा फारसा उपयोग नाही.

आता रॉड. टायटॅनियमला खाच सहन होत नाही. फ्रेंच बेंडरने (रॉड वळवण्याच्या हत्याराने) एकदाच, सावकाश, टप्प्याटप्प्याने वळवा. जास्त वळला म्हणून उलटा सरळ केलेला रॉड टाकून द्या आणि नवा घ्या. तो रॉड आज ठीक दिसतो आणि आठव्या महिन्यात त्याच खाचेवर तुटतो. रॉड स्क्रूपर्यंत पोचत नाही म्हणून रिड्यूसरने (रॉड आणि स्क्रू जवळ ओढणाऱ्या हत्याराने) स्क्रूच वर ओढून घेणं ऑपरेशन थिएटरात सर्रास चालतं. त्या क्षणी तुम्ही उपटण्याची चाचणी जिवंत हाडावर करत असता. पाच-सहा मिलिमीटरची फट दिसली की रॉड काढा आणि पुन्हा वळवा. दोन्ही टोकांना रॉड निदान पाच मिलिमीटर बाहेर राहू द्या.

सेट स्क्रू (रॉडला डोक्यात दाबून धरणारा छोटा स्क्रू) लावताना आधी उलटा फिरवा, आटा बसल्याची बारीक ‘टक’ बोटाला लागली की मग सुलटा. तिरका चढलेला सेट स्क्रू टॉर्क दाखवतो, पण धरत नाही. शेवटचं घट्ट करणं काउंटर-टॉर्क (डोकं फिरू न देणारी दांडी) लावून आणि कंपनीने दिलेल्या आकड्यालाच. बहुतेक संचांत तो ८ ते १२ न्यूटन-मीटर असतो. सगळे झाले की पहिल्यापासून पुन्हा एक फेरी.

आणि डिस्ट्रॅक्शनचा, म्हणजे मणके एकमेकांपासून ताणण्याचा, हात जपून. मागचे अस्थिबंध तुटलेले असतील तर ताणण्याला अटकाव करणारं काही उरलेलं नसतं. सीटबेल्ट प्रकारच्या (मणका मागून फाटलेल्या) फ्रॅक्चरमध्ये मागून दाबायचं असतं, ताणायचं नसतं.

प्रश्न : ऑपरेशननंतर ब्रेस किती दिवस ठेवावा? रुग्ण विचारतात, मांडी घालून कधी बसू, भारतीय शौचालय कधी वापरू.
— एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक

ब्रेसबद्दल एक मोजमाप आहे आणि ते विचारात पाडणारं आहे. १९९० च्या दशकात बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांत भार मोजणारी, आत संवेदक असलेली फिक्सेटर बसवली आणि चालता-बसताना येणारा खरा भार बाहेरून नोंदवला. ब्रेस घातल्याने इम्प्लांटवरचा भार कमी होत नाही, असं दिसलं. आडवं पडल्यावर भार अगदी कमी, बसल्यावर आणि उभं राहिल्यावर फारसा फरक नाही, चालताना सर्वांत जास्त. तेव्हा ब्रेस स्क्रू वाचवतो असं रुग्णाला सांगू नका. तो पुढे वाकण्याची आठवण करून देतो आणि भीती कमी करतो. बांधणी भक्कम आणि हाड चांगलं असेल तर तो गरजेचा नाही. ठिसूळ हाड असेल किंवा चार स्क्रूंवर भागवलं असेल तर ६ ते १२ आठवडे घालायला हरकत नाही.

वाकणं किती महाग पडतं ते निरोगी माणसाच्या गादीतल्या दाबावरून कळतं. जर्मनीतल्या उल्म इथे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत निजल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५, उभ्याने पुढे वाकल्यावर १.१ आणि पाठ गोल करून २० किलो उचलल्यावर २.३ आलं. हे रुग्णाला समोर बसवून सांगा : पाण्याची भरलेली कळशी वाकून उचलली की उभं राहण्याच्या चौपटीहून जास्त.

आम्ही देतो तो क्रम असा. पहिल्या दिवसापासून कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदम, ओंडक्यासारखं. नळ्या निघाल्या, दुखणं आटोक्यात आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करून चालवायचं. चालण्याचा भार जास्त असला तरी तो ताठ पाठीवरचा असतो आणि पडून राहण्याचे तोटे त्याहून मोठे. पहिले तीन महिने कमोड किंवा कमोडची खुर्ची, जमिनीवर बसणं नाही. उकिडवं बसताना कंबर गोल होते आणि उठताना धड पुढे झुकतंच. तीन महिन्यांच्या एक्स-रेत स्क्रूभोवती कड नसेल आणि बाक वाढला नसेल, तर आधी मांडी, भिंतीला टेकून आणि हाताचा आधार घेऊन. उकिडवं बसणं त्यानंतर. दुचाकीवर मागे बसणं तीन महिन्यांनी, शेतातलं वजनाचं काम सहा महिन्यांच्या आत नाही. एक्स-रे उभ्याने किंवा बसवूनच काढा. निजून काढलेला फोटो फसवतो.

तंबाखू आणि मिश्री चालू आहे का, हे विचारायला विसरू नका. बायकांना तर मुद्दाम विचारा, त्या आपणहून सांगत नाहीत. निकोटीनने हाड उशिरा जुळतं, आणि हाड उशिरा जुळलं की धातूला जास्त आवर्तनं सोसावी लागतात.

प्रश्न : स्टील, टायटॅनियम, परदेशी, भारतीय अशा चार किमती सांगितल्या. काय घ्यावं?
— एक वाचक, जळगाव

टायटॅनियम मिश्रधातू. ते हाडाला धरतं, पुढे एमआरआय काढावा लागला तर चित्र कमी बिघडतं, आणि ताठपणा स्टीलच्या निम्म्याच्या आसपास असल्याने हाडाला भाराचा वाटा मिळत राहतो. स्टील वाईट नाही, अनेक वर्षं त्याच्यावरच काम झालं. भारतीय की परदेशी हा मुद्दा आम्ही दुय्यम मानतो. पुढचा टेकू गेला असेल तर सर्वांत महागडा स्क्रूही एकट्याने वर्षभर भार वाहू शकत नाही, आणि बांधणी योग्य असेल तर प्रमाणित भारतीय इम्प्लांट काम चोख करतं.

आग्रह धरा तो दोन गोष्टींचा. सगळे भाग एकाच कंपनीच्या एकाच संचाचे हवेत. एकाचा स्क्रू आणि दुसऱ्याचा सेट स्क्रू वरून बसल्यासारखा दिसतो, पण आट्यांच्या कोनात बारीक फरक असला तरी सुटतो. स्टील आणि टायटॅनियम एकत्र जोडले तर गंज धरतो. दुसरं, पाकिटावरचे स्टिकर. त्यावर बॅच क्रमांक, माप आणि परवाना क्रमांक असतो. एक संच केस पेपरवर चिकटवला जातो, दुसरा डिस्चार्ज कार्डावर मागून घ्या. इम्प्लांट तुटलं तर त्याची नोंद मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडांवर नजर ठेवणाऱ्या) कार्यक्रमात करता येते. २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत तो चालतो. त्या नोंदीत बॅच क्रमांक लागतो, आणि काढलेला तुकडाही जपून ठेवायला सांगा. कुठून तडा गेला हे तुटलेल्या पृष्ठभागावर वाचता येतं.

प्रश्न : हाड जुळल्यावर स्क्रू काढावेच लागतात का? एमआरआय आणि विमानतळावर अडचण येते का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

काढावेच असं नाही. हाडाचा कलम टाकून दोन मणके कायमचे जोडले असतील आणि त्रास नसेल तर राहू द्या. मणके न जोडता नुसता आधार दिला असेल, वय तरुण असेल, तर ९ ते १२ महिन्यांनी, सीटीवर हाड जुळल्याची खातरी करून काढण्याचा विचार करतात. अडकवलेल्या गाद्या मोकळ्या होतात आणि रोजच्या हालचालीने रॉड तुटण्याची शक्यता राहत नाही. काढल्यावर काही अंशांचा बाक परत येऊ शकतो, हे आधी सांगितलेलं बरं. फार उशीर केला की स्क्रूच्या डोक्यावर हाड चढतं आणि षट्कोनी खाचेत पेचकस बसत नाही. म्हणून काढणाऱ्या सर्जनकडे त्याच संचाचा पेचकस आहे ना, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टिकर दाखवून विचारा.

टायटॅनियमच्या इम्प्लांटसह एमआरआय करता येतो. फक्त तंत्रज्ञाला आधी सांगा आणि स्टिकर दाखवा, म्हणजे धातूमुळे येणारा काळा डाग कमी होईल अशा पद्धतीने तो चित्र घेईल. विमानतळावर यंत्र वाजलं तर डिस्चार्ज कार्ड दाखवा.